महाराजांची लागर, मेहुण्यांचा काढा

"सगळ्यांत उत्तम बिअर कोणती, ते उद्या दुपारपर्यंत सांगा! आणि उत्तर आम्हाला आणि मेहुण्यांना, दोघांनाही पटलं पाहिजे. नाहीतर बिअरच्या कारखान्याला टाळं!" देवखिंडीचे महाराज चंद्रसेनराव भर दरबारात गरजले.

महाराजांना आजोबांच्या वेळेपासूनची सोनेरी, हलकी लागर बिअर प्रिय. त्यांचे मेहुणे जयाजीराव विलायतेहून आले ते नवनवी खुळं घेऊनच. कधी बिअरमध्ये संत्र्याची साल, कधी कोकम, तर कधी ती इतकी कडू की पिणाऱ्याचे डोळेच मिटावेत!

"तुमची लागर म्हणजे नुसतं पाणी!" जयाजीराव म्हणाले.

"आणि तुमचा तो काढा!" महाराज कडाडले.

दरबारी आपापल्या जोड्यांकडे बघू लागले. बोलणार कोण? एकाला खूश करावं तर दुसरा खवळणार!

दाराशी राही उभी होती. तिचे वडील कारखान्याची लाकडी पिंपं बनवायचे. कारखाना बंद झाला तर घरची चूलही बंद. ती पुढे झाली.

"मी सांगते, महाराज! पण उत्तर मिळेल ते डोंगरावरच्या गुहेत. उद्या दुपारी दोघांनी पायी यायचं."

"पायी?"

"पालखीतून येणाऱ्याला ते सापडत नाही!"

दुसऱ्या दिवशी वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं. चारशे पायऱ्या! निम्म्यावर महाराजांचा फेटा हातात आला, मेहुण्यांचे विलायती बूट काखेत.

गुहेत राहीने पहाटेपासून दोन पिंपं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. तिने दोघांपुढे एकेक पेला धरला. कुणी आधी वास घेतला तर?

वास कसला घेताहेत! गटागटा पेले रिकामे.

"आणखी!" दोघे एकदम ओरडले.

दुसरे पेलेही गेले. मग महाराजांनी मिशीवरचा फेस पुसला. "आमच्या लागरला आज ही चव कुठून आली गं?"

"ती लागर नव्हतीच, महाराज. आपण मेहुणेसाहेबांची संत्र्याची प्यायलात, आणि त्यांनी आपली लागर!"

जयाजीरावांनी रिकामा पेला हुंगून पाहिला.

"म्हणजे फसवलंस आम्हाला!" महाराज ओरडले.

"कुठे फसवलं? कोणती आहे, असं दोघांपैकी कुणी विचारलं? मी सांगायला तोंड उघडेपर्यंत पेले पालथे!"

"बरं! मग उत्तम कोणती? ते सांग!"

"ते तर आपणच सांगितलंत. 'आणखी' म्हणालात ना? जिचा दुसरा पेला मागावासा वाटतो, ती उत्तम. आज दोन्ही मागितल्या गेल्या!"

"मला पटलं बुवा," जयाजीराव हळूच म्हणाले.

महाराजांनी भुवया आवळल्या. मग ओठ हलले, पोट हलू लागलं, आणि ते असे खदखदून हसले की गुहा दणाणली!

"कारखाना चालू राहील! दोन्ही बिअर होतील! दरबारात फडणीस आहेत, चिटणीस आहेत. आजपासून ही पोर आमची चाखणीस!"

असं म्हणून त्यांनी पेला पुढे केला.

"चाखणीसबाई, तिसरा भरा!"