न सुटलेलं धिरडं

आज माझं एकही धिरडं तव्यावरून धड सुटलं नाही, ते तुम्ही पाहिलंच. चाळिशी उलटली माझी, पण धिरडं काही उलटत नाही. हसू नकोस मुकुल, पांघरूण घे. अशाच एका बाईची गोष्ट सांगते.

एकदा काय झालं, एक होतं सपाट राज्य. पोळपाटासारखं सपाट. डोंगर नाही, टेकडी नाही, साधा चढ नाही. पश्चिमेला समुद्र. समुद्रावरून ढग यायचे, भरल्या घागरींसारखे. पण त्यांना अडवणार कोण? डोक्यावरून निघून जायचे, थेट परक्या मुलखात.

मग विहिरी आटल्या. राजानं दवंडी पिटली, तीन दिवसांत सगळ्यांनी राज्य सोडायचं.

तिथे राहायची तुळसा. तिचंही धिरडं कधी सुटायचं नाही, म्हणून लोक तिला चिकटतुळशी म्हणायचे. तिची म्हैस गाभण, दिवस भरलेले. चार पावलं चालली की बसायची. तुळसा म्हणाली, "हिला टाकून मी कुठे जाऊ?"

आणि त्या राज्यात जमीन रोज हलायची, बरं का. आतून आवाज यायचा, खर्र, खर्र. राजा म्हणायचा, खाली राक्षस दात घासतोय. तुळसानं एकदा जमिनीला कान लावला.

"राक्षस कसला डोंबलाचा," ती म्हणाली. "तव्यावर उलथनं चाललंय. कुणाचं तरी धिरडं चिकटलंय."

मग ती एका भेगेतून खाली उतरली. उतरली, उतरली, उतरली. खाली बसलेली भुईमाय. केवढी? तिच्या कानातली कुडी आपल्या घराएवढी. पुढ्यात गावाएवढा तवा आणि वितळल्या दगडाचं लालबुंद पीठ. घामाघूम होऊन तवा खरवडत होती.

"माय, तू खरवडतेस नि वर आमची घरं हलतात," तुळसा म्हणाली.

"काय करू? सुटतच नाही मेलं. लाज वाटते, म्हणून आतल्या आत करते."

"माझं तरी कुठे सुटतं? तू वर घाल. समुद्राकडच्या माळावर, तिथे कुणी राहत नाही. चिकटलं तर चिकटू दे. एक निवलं की त्यावर दुसरं."

भुईमायनं तुळसाला तळहातावर बसवून वर सोडलं. मग घेतली पळी. माळ फाटला, रटरटतं पीठ वर आलं, पसरलं, निवलं, काळं पडलं. पहिल्या धिरड्यावरून ढग उडी मारून गेले. मग दुसरं. ढग जरा अडखळले, पण गेले. मग तिसरं, चांगलं जाडजूड. डोंगरच झाला. तरी ढग आपले हळूहळू उतार चढून पलीकडे. इकडे राजानं बैल जुंपले. तुळसा धावत भेगेपाशी गेली.

तिनं भेगेत तोंड घालून हाक मारली, "माय, समुद्राकडची कड तेवढी खरवड गं."

भुईमायनं उलथनं घातलं. जमीन अशी हादरली की राजाचा मुकुट गाडीखाली गेला. कड मोडून खाली कोसळली, आणि मागे उभा राहिला कडा, भिंतीसारखा ताठ. मागून ढग आले. आपटली त्यांची नाकं, लवंडल्या घागरी.

नद्या उतारावरून गावाकडे धावल्या. विहिरी काठोकाठ भरल्या. म्हैस पोटभर पाणी प्याली आणि व्याली. राजानं बैल सोडले. सगळ्या गावानं खरवस खाल्ला.

राजा म्हणाला, "माग, काय हवं ते."

"मला तुळसाबाई म्हणा," ती म्हणाली. तेव्हापासून राजासुद्धा तसंच म्हणायला लागला.

अजून घाटात गेलात ना, की नीट बघा. थरावर थर दिसतात, धिरड्यांच्या चळतीसारखे. तर ती सगळी तिकडे सुखात आहेत, तुम्ही इकडे डोळे मिटा. आणि न सुटलेल्या धिरड्याला कधी हसू नये, त्याचे डोंगर होतात.

पांघरुणातून मुकुल म्हणाला, "मावशी, उद्या पोहे कर."