मोगऱ्याच्या वाफ्यातील नदी

पूर्वी कांपिल्य नगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गंधवणिकाच्या कुळात जन्मास आले होते. लोक त्यांना मणिदत्त श्रेष्ठी म्हणत. नगराच्या पूर्व वेशीबाहेर, तटबंदी आणि वेत्रा नदी यांच्यामध्ये जे उपनगर वसले होते, त्यात त्यांचे घर नदीला सर्वांत निकट होते. घरामागे मोगऱ्याचे वाफे होते आणि त्या वाफ्यांवर त्यांची पत्नी वसुमित्रा हिचा फार जीव होता.

त्या उपनगरात एक रीत होती. दर वैशाखात घरोघरी बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण नवे घालीत. घर क्षणभरही उघडे राहू नये म्हणून नवे कुंपण जुन्याच्या बाहेरून उभे करावयाचे आणि मगच जुने काढून जाळावयाचे. ज्याचे कुंपण आत सरले त्याचा वंश आटला, असे सारे मानीत. त्यामुळे प्रत्येक अंगण वर्षागणिक हातभर नदीकडे सरके. नदीची भूमी कोणी बळकावली नव्हती. सर्वांनी केवळ रीत पाळली होती. मात्र तीरावरचे वाळुंज आणि करंज हे वृक्ष तुटले, आणि ज्या हिरव्या पट्ट्यातून हरणे व उदमांजरे वरच्या रानातून खालच्या रानात जात, तो पट्टा कुंपणांच्या पोटात गेला.

त्या वर्षी कुंपणाचा दिवस उजाडला तेव्हा वसुमित्रेच्या पायाला जणू भिंगरी लागली होती. सून रेवतीला सातवा महिना लागला होता, आणि नव्या कुंपणाआड मोगऱ्याची आणखी एक ओळ लावावयाची असे वसुमित्रेच्या मनात होते. इतक्यात मागीलदारी गलका झाला. एक गाभण हरिणी कुंपणात अडकून धडपडत होती. श्रेष्ठींनी हात रक्तबंबाळ होईतो काटे दूर केले. सुटलेल्या हरिणीने डावीउजवीकडे पाहिले. कुठेच वाट नव्हती. अखेर तिने भरल्या पोटाने प्रवाहात उडी घेतली आणि पोहत दिसेनाशी झाली.

श्रेष्ठी परसाकडे वळले. मग विहिरीजवळच्या वाफ्यात त्यांना एक जुने खोड दिसले. ते वाळुंजाचे होते, आणि वाळुंज तर पाण्याच्या काठीच वाढतो; म्हणजे पूर्वी नदीचा काठ इथवर होता. त्यांनी गड्यांना सांगितले की, नवे कुंपण या खोडाच्या अलीकडे घाला.

वसुमित्रा लगबगीने पुढे आली.

"अहो, आपले अंगण आपल्याच हाताने आखडायचे, आणि तेही सून गर्भवती असताना? दुसरी वेळ नाही मिळाली तुम्हाला?"

"ती हरिणीही गर्भवतीच आहे," श्रेष्ठी म्हणाले. "तिला दुसरी वाट असती, तर मी पुढच्या वैशाखापर्यंत थांबलो असतो."

शेजारी पुष्यक नावाचा धान्याचा व्यापारी होता. तो कुंपणावरून मान काढून हसला. "श्रेष्ठी, नदीला घरात वाटा देताच आहात, तर बारशाचे आमंत्रणही तिलाच धाडा."

मोगरा उपटला गेला. त्या जागी श्रेष्ठींनी वाळा हे सुगंधी गवत लावले, वाळुंजाच्या फांद्या रोवल्या. वसुमित्रा त्यांच्याशी कामापुरतेच बोलू लागली. आता त्या घरात काय विपरीत घडते, इकडे अवघ्या उपनगराचे डोळे लागले. राजाच्या कानी गोष्ट गेली, तेव्हा सैनिक धाडून सर्वच कुंपणे मागे घेण्यास तो सिद्ध झाला. श्रेष्ठींनी हात जोडून विनविले की, महाराज, भयाने मागे आलेले कुंपण संधी मिळताच पुन्हा पुढे जाईल. एक पावसाळा थांबावे.

आषाढात वेत्रा भर दुपारी फुगली, आणि त्याच वेळी रेवतीला कळा सुरू झाल्या. श्रेष्ठी सखल भागातील मुले खांद्यावरून तटबंदीकडे पोहोचवीत होते. वसुमित्रा कधी सुनेच्या उशाशी, तर कधी मागच्या दारात, अशी येरझारा घालीत होती. तिने पाहिले, आपल्या परसात पाणी आले, वाळ्यात पसरले, मंद झाले आणि नव्या कुंपणापाशी थबकले. पुष्यकाकडे मात्र काट्यांत पालापाचोळा आणि ओंडके अडकून कुंपणाचा बांधच झाला होता. तिथे धडकलेले पाणी वळून बोळात शिरत होते, आणि बोळाच्या तोंडाशीच रेवतीची खोली होती.

वसुमित्रा पदर खोचून पुष्यकाच्या अंगणात शिरली आणि तिने कुंपण काढावयास सांगितले.

"वहिनी, कुंपण काढले तर माझे घर उघडे पडेल."

"घर वाहून गेल्यावर कुंपणाने काय राखाल, भावोजी? पहार आणा. नाहीतर इकडे द्या, मी उपटते."

तिने खरोखरच त्याच्या हातून पहार घेतली आणि पहिल्या मेढीखाली घातली. ते पाहून पुष्यक पुढे झाला, त्याची मुले धावली, पलीकडच्या अंगणांतूनही माणसे सरसावली. मेढी कडाकड मोडल्या. कुंपणामागून कुंपण पडत गेले आणि कोंडलेली नदी श्वास सोडावा तशी परसापरसांतून पसरली. बोळातले पाणी उंबऱ्याला लागून मागे फिरले. तोच आतून तान्ह्या बाळाचे रडणे ऐकू आले. चिखलाने माखलेली वसुमित्रा पहार हातात घेऊनच हसत सुटली.

बारशाच्या दिवशी तिने पुष्यकाला निरोप धाडला की, नदीला बोलवावयाचे आपणच सुचविले होते, तेव्हा आता आपणच तिला घेऊन यावे. पुष्यक खाली मान घालून, वेत्रेच्या पाण्याची घागर खांद्यावर घेऊन आला. नातीचे नाव वेत्रा ठेवले. पुढच्या वैशाखात घरोघरी नवे कुंपण जुन्या ओळीच्या आतून घातले गेले. वाळुंजाला पालवी फुटली होती, आणि त्या पालवीखालून एक हरिणी आपल्या पाडसासह संथपणे खालच्या रानाकडे गेली. वसुमित्रेने नातीला उचलून ती वाट दाखविली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्धत्व पावलेल्या बोधिसत्त्वांनी, ओढ्याकाठच्या एका विहारात सांगितली. तिथे एका भिक्षूने फुलझाडांचे आळे ओढ्याच्या पात्रात सरकविले होते. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पुष्यक म्हणजे आज फुलझाडांची हौस असलेला हा भिक्षू. वसुमित्रा म्हणजे विहाराची वाट झाडणारी उपासिका. सुबाहू राजा म्हणजे माझा शिष्य आनंद, आणि मणिदत्त श्रेष्ठी मीच होतो. आपले म्हणून धरलेले ज्याचे त्याला आपल्या हाताने परत देणे, ही दानपारमिता, दानाची परिपूर्णता होय."

तो भिक्षू उठला आणि कुदळ घेऊन ओढ्याकडे गेला.