पाळण्याची वाकडी बाजू

"आणि ती वाकडी बाजू कुठं गेली?"

बाबालालचाचांनी एवढंच विचारलं. एवढं नवं कोरं काम समोर उभं असताना म्हाताऱ्याला जुनंच आठवावं, याचं जालिंदरला हसू आलं.

"कापून टाकली की, चाचा."

"हं..."

काम होतं पाळण्याचं. पाळणा म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला अडकवायची लोखंडी चौकट. पाण्याचं पिंप, खताची पोती, गवताचे भारे, एखादी आजारी शेळी, जे काही ओढ्याकडून वर वस्तीवर आणायचं ते तिच्यात घालायचं. बोरजाई वस्तीत पाळणा एकच, माणिकतात्यांच्या ट्रॅक्टरचा, आणि तो बनवलेला चाचांनी. तळाचा पत्रा कुजला, दोन सांधे उकलले, तेव्हा तात्यांनी तो जालिंदरच्या दुकानात आणून टाकला. चाचांच्या डोळ्यांना आता वेल्डिंगचा उजेड सोसत नव्हता. ते दिवसभर दर्ग्याची झाडलोट करत.

जालिंदर त्यांच्याच हाताखाली नऊ वर्षं शिकलेला. मग दोन वर्षं पुण्याकडे कारखान्यात काढली आणि परत येऊन चाचांच्या बंद शेडसमोरच दुकान थाटलं. काम चोख करायचा, त्यात वाद नाही. फक्त केलेलं काम चारचौघांत सांगितल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

"खालून डबल चॅनेल मारलाय," तो सांगू लागला. "कोपऱ्यांना तिकोनी पट्ट्या. पिंप हलू नये म्हणून कडं. विळे अडकवायला हुक. कठडा कमरेएवढा होता, तो छातीपर्यंत नेला, भारा पडायचं नाव नको. परवा बारा पोती सिमेंट घातलं, वर चार माणसं उभी केली... कुरकुरलासुद्धा नाही!"

मागच्या कठड्यावर त्यानं वेल्डिंगनं स्वतःचं नावही उठवलं होतं. ते चाचांना दिसावं म्हणून तो जरा बाजूला सरकला.

नऊ वर्षांत चाचांनी त्याला एकदाही शाब्बास म्हटलं नव्हतं. आज तरी म्हणतील, एवढ्याचसाठी त्यानं त्यांना दर्ग्यातून उठवून इथं पारापाशी आणलं होतं. आठ दिवस पाळणा वापरात होता. सारी वस्ती वाखाणत होती. या एका तोंडून तेवढं यायचं राहिलं होतं.

"का कापलीस?"

"वाकडी होती म्हणून."

पारावरची दोन-चार माणसं हसली. ती हसली तसा जालिंदरला चेव चढला.

"राग मानू नका, चाचा. पण हात तुमचा तेव्हाच हलायला लागला होता म्हणायचा!"

चाचा रागावले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि झटकला.

"उजवा हात खाली सोड."

जालिंदरनं सोडला. चाचांनी तो त्याच्या अंगालगत धरून पंच्यानं करकचून बांधला. दोन गाठी मारल्या.

"आता तो भारा पाळण्यात टाक."

पाराजवळ तात्यांच्या म्हशीसाठी आणलेला हत्तीगवताचा भारा पडला होता. जालिंदर हसतच वाकला. डाव्या हातानं दोरी धरून त्यानं भारा गुडघ्यापर्यंत आणला, मग मांडीवर घेतला. पुढं कठडा होता. त्यानं झोक दिला... भारा त्याच्याच नावावर आपटून खाली आला.

पुन्हा उचलला. पुन्हा खाली.

तिसऱ्यांदा त्यानं भारा पाठीवर घेतला आणि उलटा कठड्याला टेकला. भारा वर जाईना. पारावर खसखस पिकली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"एका हातानं कुणालाच जमायचं नाही हे!" तो फणकारला.

चाचा ओढ्याच्या वाटेकडे बघत होते.

वाटेनं हौसाआक्का येत होती. विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्यापासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. पाठीवर गवताचा भारा, दोरी डाव्या मुठीत, कंबर वाकलेली. पाराशी येऊन तिनं कट्ट्याला पाठ लावली, दोरी सैल सोडली आणि भारा अलगद कट्ट्यावर टेकला. कुणाला हात लाव म्हणावं लागलं नाही.

जालिंदर त्या कट्ट्याकडे बघत राहिला. कट्टा तिच्या मांडीएवढा होता. वाकडी बाजूही तेवढीच होती.

"आक्का... पाळणा सोडून चालत?"

"आठ दिस झालं की चालतीया." ती पदरानं मान पुसत म्हणाली. "तुमी उठायच्या आदी निगती. बसत बसत येती."

"मग मला सांगायचं तरी!"

"काय सांगायचं, लेकरा? किती देखणं केलंयास. समदी वानत्यात तुला. माज्या एकलीपायी तुज्या कामाला कशाला नाट लावू?"

ती मनापासून बोलत होती. टोमणा असता तर त्याला परवडला असता. जालिंदरला वाटलं, आत्ता धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

पारावर आता कुणी हसत नव्हतं.

"मी घणानं ती बाजू खाली वाकवली," चाचा हळूच म्हणाले, "त्या दिवशी दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

"मी."

धरलं होतं त्यानंच. चांगला सरळ कठडा उस्ताद का बडवतात म्हणून मनातल्या मनात हसलाही होता. विचारलं मात्र नव्हतं, तेव्हाही नाही आणि परवा कटर चालवतानाही नाही.

त्याची मान वर होईना. शाब्बास ऐकायला आणलेला माणूस समोर उभा होता आणि त्याच्याकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

"आत्ता कापतो, चाचा," तो पुटपुटला. "नावासकट कापतो. कटर घेऊन येतो..."

डाव्या हातानं तो पंच्याची गाठ चाचपू लागला. गाठ मागं होती. बोटं पोचेनात. तो गर्रकन वळला, पुन्हा चाचपू लागला.

आक्काचं तिकडं आता लक्ष गेलं.

"अगं बया! पोराचा हात कुणी रं बांदला?"

ती लगबगीनं पुढं आली आणि आपल्या चांगल्या हातानं गाठ सोडू लागली.

"राहू दे, हौसा," चाचा म्हणाले. "त्याला अजून कठड्याचं माप घ्यायचंय."