काकूंनी पाहिलेला शॉट

"मग कॅमेरा हलवायचा की नाही, नाना? एकदा काय ते सांगा."

नाना मोसंबीच्या रसाचा पेला घेऊन जमिनीवर बसले होते आणि खाटेवर पालथ्या निजलेल्या काकूंच्या ओठांना स्ट्रॉ लावून देत होते.

काकूंच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं. आठवडाभर तोंड जमिनीकडेच ठेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कपाळ टेकायला नानांनी जुन्या धोतराची चुंबळ करून दिली होती. त्या चुंबळीत कपाळ ठेवून काकू फरशीशी बोलायच्या.

"कोण आलंय हो?"

"शार्दूल."

"जेवलास का रे?" काकूंनी फरशीला विचारलं.

"हो काकू," शार्दूल म्हणाला. तो जेवला नव्हता. जेवण्यासारखी त्याची मनःस्थितीच नव्हती.

नाना चिंदरकर म्हणजे मालिकांच्या कॅमेऱ्यातलं मोठं नाव. निवृत्त होऊन गोरेगावच्या बैठ्या घरात राहायला लागले, तरी नवीन मालिकेचा नारळ फुटला की कुणी ना कुणी पाया पडायला यायचंच. शार्दूल गवाणकर त्यांचा शेवटचा शिष्य. गुणी खरा, पण आपण गुणी आहोत हे त्याला जरा लवकरच कळलं होतं.

'माझं कुंकू, तुझं अंगण' ही दुपारची मालिका सध्या त्याच्या हातात होती. नाव असं असलं तरी शार्दूलने तिला सिनेमासारखं रूप दिलं होतं. मागचं सगळं धूसर, पुढचं लखलखीत, आणि हातात गिम्बल. गिम्बल म्हणजे कॅमेरा धरून कितीही धावा, चित्र हादरत नाही. शार्दूल धावत होता. प्रेक्षक मात्र हळूहळू पांगत होते.

निर्माते कामत यांनी काल त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "उद्या चारच्या सीनला जुन्या पद्धतीने झूम मार. नसेल जमत तर परवापासून दुसरा माणूस येईल."

कामत एकेकाळी नानांचे सहायक होते. म्हणून शार्दूल आला होता.

"तुमचा एक फोन गेला तर कामत मला हात लावणार नाहीत, नाना."

नाना पेल्यात किती रस उरलाय ते बघत राहिले.

"तुमच्या वेळी तीन कॅमेरे असायचे ना?"

"असायचे."

"जड."

"ढकलायला माणूस लागायचा."

"म्हणून तुम्ही कॅमेरा हलवत नव्हता."

"हलवायचो की."

"कधी?"

"माणूस हलला की."

हे आपल्या बाजूचं की विरुद्ध, हे शार्दूलला कळेना.

"बरं, ते असू दे," तो म्हणाला. "मग रोजच्या मालिका आल्या. सून म्हणायची, मला दिवस गेलेत. की सासूच्या तोंडावर धाडकन झूम. मग नणंदेच्या. मग मोलकरणीच्या. मागे ढगांचा गडगडाट. आणि एकच तोंड तीन-तीनदा! हा मूर्खपणा होता की नाही?"

"होता."

शार्दूलच्या जिवात जीव आला.

"पण तीन कमी पडायचे," नाना म्हणाले.

"काय कमी पडायचे?"

"झूम. चार हवे होते."

"का?"

"स्वयंपाकघर लांब असतं."

...

शार्दूलने कपाळाला हात लावला. पालथ्या काकू चुंबळीत खुदकन हसल्या.

"म्हणजे परत झूम मारायचे? कामतांचं बरोबर?"

"वेडा झालास? तेव्हा बाई स्वयंपाकघरातून धावत यायची, आता टीव्ही तिच्या हातातच असतो. पोळी लाटताना फोन डब्याला टेकवून ठेवते ती. तिच्या अंगावर कशाला धावून जायचं?"

"म्हणजे माझं बरोबर?"

"तुझं काय आहे?"

हा प्रश्न शार्दूलला लागला. रागही आला. एवढ्या लांबून आपण एक फोन मागायला आलो, आणि म्हातारा कोडी घालत बसलाय!

"अहो, दीड वाजला असेल," काकू म्हणाल्या. "लावा ना टीव्ही."

नानांनी टीव्ही लावला. आजचा भाग कालच शूट झाला होता. दुपारच्या मालिकांचं हे असंच असतं. साठवलेले भाग संपले की सेटवर शिजतं तेच दुसऱ्या दिवशी वाढावं लागतं.

शार्दूल सावरून बसला. आज त्याचा शॉट होता. बारा वर्षं बेपत्ता असलेला सुधाकर दारात येऊन उभा राहतो आणि माई त्याला बघते. हा सबंध प्रसंग त्याने कुठेही न तोडता एका दमात घेतला होता. सेटवर टाळ्या पडल्या होत्या. कामतांनी मात्र वाजवल्या नव्हत्या.

'आई...' टीव्हीतला सुधाकर म्हणाला.

"आला?" काकूंनी विचारलं. "अहो, माई काय करतेय?"

नाना खाटेजवळ सरकले. गेले काही दिवस ते हेच काम करत होते. पडद्यावर जे दिसेल ते काकूंना सांगायचं.

"कॅमेरा दारातून निघालाय," नाना म्हणाले.

"बरं. आणि माई?"

"आता खिडकीचा पडदा आला... वाऱ्याने हलतोय. छान हलतोय."

"अहो, माई!"

"समई आली. समईच्या ज्योतीमागे काहीतरी आहे. धूसर आहे."

"माई आहे?"

"नाही. फुलदाणी."

शार्दूलचे कान तापले.

"आता आरसा. आरशात जिना दिसतोय."

"रडतेय का हो ती?"

"येतेय, येतेय. अजून वाटेत आहे."

"कोण, माई?"

"कॅमेरा."

तेवढ्यात माईचा चेहरा आला, क्षणभर थांबला आणि साबणाची जाहिरात लागली.

काकूंनी मोठा सुस्कारा टाकला. "तोंडावर हात नेला असणार तिने."

"तुम्हाला कसं कळलं?" शार्दूलने विचारलं.

"बांगड्या वाजल्या की रे. सुधाकर 'आई' म्हणाला आणि लगेच वाजल्या. तू नाही पाहिलंस?"

शार्दूलने पाहिलं नव्हतं. त्या वेळी तो कॅमेरा घेऊन खिडकीच्या पडद्याकडे निघाला होता. माई झालेल्या बाईंनी हात वर नेला होता की नाही, हे आता बाईंनाच ठाऊक. काल दिवसभर तो त्यांच्यापासून चार हातांवर होता, आणि हे त्याला इथे कळत होतं. तेही अशा बाईकडून जिला फरशीखेरीज काही दिसत नव्हतं.

त्याला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

जाहिराती संपत आल्या तसा नानांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"का हो? लाइट गेले?"

"हं," नाना म्हणाले. वर पंखा गरगरत होता.

"गेलं की नाही सगळं!" काकू कळवळल्या. "आता पुढचं कसं कळणार?"

"हा बसलाय ना. यानेच घेतलंय." नाना उठले आणि त्यांनी शार्दूलला खाटेजवळच्या आपल्या जागेकडे हात केला. "सांग तिला."

शार्दूल जमिनीवर बसला. गोष्ट त्याला पाठ असायला हवी होती. कालच तर घेतली.

"जाहिरातीनंतर... पन्नासची लेन्स होती, काकू."

"लेन्स? अगंबाई, माईचंही ऑपरेशन झालं?"

"नाही नाही. माझी लेन्स. म्हणजे कॅमेऱ्याची. मागून निळा लाइट होता, आणि..."

"लाइट राहू दे रे. माई काय करतेय?"

...

त्याला आठवेना. निळा लाइट आठवत होता. कुणाची तरी सावली भिंतीवर पडत होती, ती काढायला अर्धा तास गेला होता, तेही आठवत होतं. माई काय करत होती?

त्याने नानांकडे बघितलं. नाना दाराशी पाठमोरे उभे राहून बाहेर बघत होते.

"माई... उभी आहे," शार्दूल म्हणाला.

"पुढे नाही गेली?"

"नाही."

काकूंचा हात खाटेच्या कडेवर होता. बोटांनी चादरीची कड मुठीत धरली होती. शार्दूलचं लक्ष त्या बोटांवर गेलं.

"सुधाकरही पुढे येत नाहीये," तो म्हणाला.

बोटं आवळली.

"दोघंही उभीच आहेत..."

बोटं तशीच राहिली. आता काही बोलू नये असं त्याला वाटलं. का वाटलं, ते सांगता आलं नसतं. तो थांबला. बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"मग?" काकूंनी हळूच विचारलं.

"मग माई खाली बघते. तिला त्याच्या चपला दिसतात."

"तुटक्या असतील ना रे?"

"हो. एकीचा अंगठा तुटलाय. सुतळीने बांधलाय."

"बाई गं..."

काकूंची मूठ सुटली. हात चादरीवर सपाट झाला आणि दोनदा तिथेच हलकेच फिरला, पाठीवरून फिरवावा तसा.

"एवढं चालत आलं पोर," त्या म्हणाल्या. "रडायचं नाहीये मला. डॉक्टर ओरडतील."

आणि रडल्याच. नाना येऊन त्यांच्या मानेवर हात ठेवून बसले, तेव्हा कुठे त्या शांत झाल्या आणि मग डुलकी लागली.

शार्दूल दाराबाहेरच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. काल सुधाकरच्या पायांत काय होतं, तेच त्याला आठवत नव्हतं. कपडेपटवाल्यांनी दिल्या असतील त्या कोऱ्या करकरीत चपला असणार. मालिकेत माणूस स्मशानातून परत आला तरी इस्त्रीचा शर्ट घालून येतो.

नाना रसाचा रिकामा पेला घेऊन बाहेर आले.

"नाना, मी खोटं सांगितलं त्यांना. चपलांचा शॉट आम्ही घेतलाच नव्हता."

"तिने तर पाहिला."

"पण तो नव्हताच!"

"तू पाहिलास का?"

सुतळी शार्दूलला दिसली होती. सुतळीची गाठसुद्धा दिसली होती. मळकी, चिखलाने कडक झालेली. ती कुठल्या लेन्सने दिसली होती, हे मात्र सांगता आलं नसतं.

"म्हणजे कॅमेरा लागतच नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"कॅमेऱ्याशिवाय मालिका कशी होईल? काहीतरीच."

"मग झूम मारू? की गिम्बल? की तुमच्यासारखा एका जागी रोवून ठेवू? आज संध्याकाळी माझं काम जाणार आहे, नाना. मला खरंच काही कळत नाहीये. येताना निदान एवढं कळत होतं की माझं बरोबर आहे."

नानांनी त्याच्याकडे मायेने पाहिलं.

कामतांना फोन करणार का, हे शार्दूलला अजून विचारायचं होतं. पण त्याचाच फोन वाजला. सेटवरून त्याच्या सहायकाचा होता.

"सर, कामतसाहेब येऊन बसलेत. सीन तोच आहे, कालचाच पुढे. माई सुधाकरला घरात घेते. बाई तयार आहेत. काय लावून ठेवू? ट्रॉली की गिम्बल? साहेब म्हणतायत, झूमची लेन्स लाव. कुणाचं ऐकू?"

"थांब," शार्दूल म्हणाला.

त्याने फोन छातीशी धरला. चार वाजायला अजून वेळ होता, पण त्याला तो अजिबात पुरेसा वाटेना.

"नाना, तो विचारतोय काय लावू. काय सांगू त्याला?"

नाना ओट्यावरच्या रिकाम्या पेल्यात पाणी घालून तो विसळत होते. पाणी त्यांनी कुंडीत टाकलं.

"त्याला म्हणावं, आधी सुधाकरच्या चपला तोड."