बहिर्जीचे शेत कुठे गेले?

डोंगरउतारावरच्या एका वाडीत बहिर्जी नावाचा शेतकरी राहत होता. त्याच्या वडिलांनी शेतात उताराला आडवे तीन दगडी बांध घातले होते. वडील गेल्यावर बहिर्जीने ते काढून टाकले. बांधांच्या जागी आणखी बाजरी पेरता येईल, असे त्याला वाटले. पहिल्या वर्षी बाजरी जास्त आलीही.

पुढे काय बिनसले ते त्याला कळेना. दुसऱ्या वर्षी कणसे आखूड आली. तिसऱ्या वर्षी ताटे गुडघ्याच्या वर गेलीच नाहीत. पाऊस तर पूर्वीसारखाच पडत होता. त्याने बियाणे बदलले, शेणखत दुप्पट घातले, बैलजोडीही बदलली. तरी पाऊस थांबून चार दिवस झाले की जमीन कोरडी पडे. खालच्या अंगाला हौसाकाकींचे शेत होते. तिथे मात्र बाजरी माणसाच्या डोक्यावर गेलेली.

विचार करकरून बहिर्जीचे डोके चालेनासे झाले. शेवटी तो पाटलांकडे जाऊन म्हणाला, "हौसाकाकींनी करणी केली. माझ्या शेताचा कस पळवला."

पाटलांनी काकींना बोलावले. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याचा कस माझ्याच शेतात आहे. चला, दाखवते."

बहिर्जी आणखीच गोंधळला. चोर असा कबूल होतो का?

काकी दोघांना आपल्या शेताच्या खालच्या बांधापाशी घेऊन गेल्या. "तीन वर्षांमागं हा बांध माझ्या कमरेएवढा होता. आता बघ, गुडघ्याएवढाच दिसतोय. वरून आलेली माती इथं साठली. बहिर्जी, तुझं शेणखतही यातच आहे."

मग पाटलांनी बहिर्जीच्या शेतात कुदळ मारली. चार बोटांवरच ती दगडावर खणकन वाजली.

बहिर्जी वाकला आणि त्याने खड्ड्यातला दगड चाचपला. मग म्हणाला, "पाटील, बांध मीच काढले. काकी, तुमच्यावर उगाच आळ घेतला. चुकलो."

"माती हवी तेवढी ने," काकी म्हणाल्या. "पण आधी बांध घाल. नाहीतर पहिल्याच पावसात ती परत माझ्याकडं येईल."

उन्हाळाभर बहिर्जी आणि त्याची बायको दगड रचत होती, मातीच्या पाट्या वाहत होती. पावसाळ्यात पाणी बांधांशी थांबले आणि जमिनीत मुरले. त्या वर्षी बाजरी कमरेएवढी आली.

तरी एक गोष्ट बहिर्जीला उलगडेना. त्याने विचारले, "काकी, माती आपोआप तुमच्याकडं येत होती. मग मला बांध घालायला का सांगितलंत?"

काकी म्हणाल्या, "अरे, तुझी माती संपली असती, तर वरून माझ्या शेतात दगडच आले असते."

तात्पर्य: पीक घटले की शेजाऱ्याला दोष देण्याआधी आपल्या शेतातली माती जागेवर आहे का ते पाहावे. माती आणि पाणी अडवले तरच जमिनीचा कस टिकतो, आणि एकाने ते अडवले की शेजाऱ्याचेही शेत वाचते.