गेलिकमधला न्याय

स्कॉटलंडच्या एका बेटावर जमीनदाराने गावाच्या कुरणाला कुंपण घातलं, तेव्हा एफी मॅकॉले नावाची मेंढपाळ विधवा कोर्टात गेली. न्यायाधीश एडिंबराचे होते. जन्माने स्कॉटिशच, पण आपल्या लंडनी इंग्रजीचा त्यांना भारी तोरा. एफीला फक्त गेलिक, म्हणजे बेटावरची जुनी भाषा, येत होती. दुभाषी होते गावचे मर्डो मास्तर. साहेबांपुढे आपली भाषा बोलताना ते ओशाळून आवाज खाली आणत.

न्यायाधीश हसत म्हणाले, "या रांगड्या बोलीत न्यायाला शब्द तरी आहे का? विचारा बाईंना."

मास्तरांनी पुटपुटत विचारलं.

एफी म्हणाली, "आहे, साहेब. पण कोर्टात तो वापरायची संधी आम्हाला अजून मिळालेली नाही. आज मिळते का, ते तुमच्या हातात आहे."

मास्तरांनी एकही शब्द न गाळता ते इंग्रजीत सांगितलं. न्यायाधीशांचं हसू मावळलं. त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांच्या साक्षी नीट ऐकल्या आणि संध्याकाळी कुरण गावाला परत दिलं.

उठताना त्यांनी विचारलं, "तो शब्द कोणता?"

एफीने सांगितला. साहेबांनी म्हणून पाहिला, पण उच्चार चुकला.

तेव्हा मर्डो मास्तर भर कोर्टात खणखणीत आवाजात म्हणाले, "असा नाही, साहेब. माझ्यामागून म्हणा."