पोट सुटलेली भिंत

दगडांना तोंड होतं आणि माणसांना ऐकायला वेळ होता, तेव्हाची ही गोष्ट. गजराच्या गोठ्याची एक भिंत होती. बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड आणि मधे नुसती माती. पाठीला पाठ लावून उभे, पण एकमेकांशी धड बोलतील तर शपथ.

घडीव म्हणायचे, "आम्ही गावाला दिसतो. तुम्ही शेळीला."

ओबडधोबड म्हणायचे, "शेळी निदान मायेनं चाटते तरी."

असं वागल्यावर व्हायचं तेच झालं. भिंतीला पोट सुटलं. इलाही गवंड्यानं हातोडीनं ठोकून पाहिलं, तर आवाज पोकळ.

"गजरा, शेळी बाहेर काढ. भिंत कधीही अंगावर येईल."

"गाभण आहे हो, चाचा. कुठं नेऊ तिला? भिंत पाडायची का?"

"पाडायला अक्कल लागत नाही, पोरी. आरपार लांब दगड घालतो. दोन्ही बाजू एकमेकींना धरतील."

त्यानं टेकू लावले, भोक पाडलं आणि अंगणातला लांबोडका दगड उचलला.

घडीव ओरडले, "हा? आमच्यात?"

"गप बसा, दीडशहाण्यांनो!" म्हणत त्यानं तसले आठ दगड आरपार बसवले. शेळी परत आत आली, व्याली.

मग एके दुपारी धरणी हलली. एक घडीव दगड बाहेर सरकायला लागला. सगळी ऐट विसरून तो किंचाळला, "अरे, धरा रे कुणीतरी!"

आतून ओबडधोबडांचा आवाज आला, "धरलंय, दादा. हळू ओरड, करडं झोपलीत."